सायकलच्या डायनामोचा दिवा लागत नाही? आधी वायर बघ

भाऊ, डायनामो उघडत बसू नको. बिघाड बहुतेक वेळा वायरीतच असतो. आत एवढंच घडतं: टायरला घासून वरची टोपी फिरते, तिच्यासोबत मॅग्नेट फिरतं आणि तांब्याच्या गुंडाळीत करंट तयार होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच. वायर एकच दिसते, कारण परतीचा करंट सायकलच्या फ्रेममधून जातो. म्हणून डायनामो फ्रेमला धरणाऱ्या क्लॅम्पच्या टोकदार स्क्रूखालचा रंग खरवडून लोखंड उघडं कर. पावसाळ्यात आपल्या अमळनेरकडची काळी माती टायरला बसली की टोपी घसरते, ती पुसत जा. मागचा बल्ब गेला तर लगेच बदल. नाहीतर त्याच्या वाट्याचा करंट पुढच्यात जातो आणि उतारावर तोही उडतो.