स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधील सर्व्हिसची युनिट टेस्ट (एकाच घटकाची स्वतंत्र चाचणी) करताना खरा डेटाबेस लागतो का?

लागत नाही. ऑर्डरच्या सर्व्हिसला रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा घटक) आणि पेमेंट गेटवे कन्स्ट्रक्टरमधून मिळत असतील, तर टेस्टमध्ये मॉकिटो या लायब्ररीने त्या दोन्हींचे मॉक (खऱ्याच्या जागी वापरायचे नकली ऑब्जेक्ट) तयार करून ‘न्यू’ने सर्व्हिस थेट उभी करावी. स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट (सगळे घटक तयार करून जोडणारी यंत्रणा) सुरू करावा लागत नसल्याने अशी टेस्ट चटकन संपते. खरा फायदा अपयशाच्या वाटा तपासताना कळतो: गेटवेच्या मॉकला ‘देनथ्रो’ने एक्सेप्शन फेकायला लावावे आणि रिपॉझिटरीची ‘सेव्ह’ मेथड एकदाही कॉल झालेली नाही, हे ‘व्हेरिफाय’ व ‘नेव्हर’ वापरून पडताळावे. फील्डवर ‘ऑटोवायर्ड’ (लागणारा घटक म्हणजे डिपेंडन्सी स्प्रिंगने आपोआप पुरवावी, असे सांगणारी खूण) लावले असेल, तर आधी ती डिपेंडन्सी कन्स्ट्रक्टरमध्ये हलवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र रिपॉझिटरीतील क्वेरी बरोबर आहे की नाही, हे मॉक सांगू शकत नाही. त्यासाठी खऱ्या डेटाबेसवर वेगळी इंटिग्रेशन टेस्ट (घटक एकत्र चालवून घेतलेली चाचणी) लिहावी लागते.