आधी कुरोसावा, मग स्टर्जेस

अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ (1954) आणि जॉन स्टर्जेसने केलेला त्याचा अमेरिकन रिमेक ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960) यांची तुलना करणार असशील तर मूळ जपानी चित्रपट आधी बघ, आणि पूर्ण 207 मिनिटांचाच बघ.

कथेतली साम्यं मोजत बसू नकोस, ती कोणालाही दिसतात: दोन्हीकडे दरोडेखोरांपासून वाचायला गावकरी सात लढवय्ये आणतात. शेतकऱ्यांकडे लक्ष दे. कुरोसावाच्या गावकऱ्यांनी मारलेल्या समुराईंची (जपानी योद्ध्यांची) चिलखतं लपवून ठेवलेली असतात. ती सापडल्यावर सातांपैकी एक, किकुचियो, सोबतच्या समुराईंवर भडकतो: शेतकरी लबाड, कंजूष, भित्रे आहेतच, पण त्यांना तसं केलं कुणी? तुम्ही समुराईंनीच! किकुचियो झालेला तोशिरो मिफुने तिथे अक्षरशः पेटलाय. माझ्या मते अख्खा चित्रपट या प्रसंगावर उभा आहे. रिमेकमध्ये सातांपैकी चिकोही असाच त्रागा करतो, पण समोर चिलखतांचा ढीग नाही, शेतकऱ्यांच्या हाताला रक्त नाही. म्हणून ते बोल तितके लागत नाहीत.

स्टर्जेसला कमी लेखू नकोस मात्र. मूळ चित्रपटातले दरोडेखोर जवळजवळ बिनचेहऱ्याचे. इथे ईलाय वॉलेकने साकारलेला त्यांचा म्होरक्या कॅल्वेरा गप्पिष्ट आणि मोठा रंगतदार खलनायक आहे. एल्मर बर्नस्टाईनचं संगीत तर लाजवाबच.

दुसऱ्यांदा बघताना मृत्यू तपास. दोन्हीकडे सातांपैकी चौघे मरतात. कुरोसावाचे चौघेही बंदुकीच्या गोळीने जातात, तलवारीने एकही नाही; तलवारीचं युग संपल्याचं त्यातूनच कळतं. स्टर्जेसच्या वेस्टर्नमध्ये (काउबॉयपटात) मात्र बंदूक दोन्ही बाजूंची, त्यामुळे एक युग संपल्याची ती जाणीव स्टर्जेसला संवादांतून आणावी लागते. ते संवाद टिपून ठेव.