वाचकांचे प्रश्न : वाघीण कुठल्या दिवसाची?

प्रश्न : ताई, 1947 सालातली अमेरिकी मालगाडी मी एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या 1:87.1 इतक्या लहान मॉडेलच्या रूपात, करायला घेतली आहे. चाळीस फुटी बॉक्सकारचं, म्हणजे सगळीकडून बंद मालडब्याचं, एक तयार मॉडेल आणलं. रंग सुरेख, अक्षरं रेखीव, आणि खोक्यावर ‘अस्सल’ असं छापलेलं. पण एका जाणकारानं बघताक्षणी सांगितलं, ‘हा डबा या कंपनीचा नाहीच.’ डब्यावर तर त्याच कंपनीचं नाव आहे! मग खरं-खोटं ओळखायचं कशावरून?

उत्तर : त्यांनी बहुधा उंची पाहिली असावी. चाळीस फुटी बॉक्सकार म्हणजे एकच एक डबा नव्हे, ते एक मोठं खानदान आहे. 1932 च्या प्रमाण आराखड्यात डब्याची आतली उंची 9 फूट 4 इंच होती, 1937 च्या आराखड्यात ती 10 फूट झाली आणि पुढे 10 फूट 6 इंचांचे डबे सर्रास बनू लागले. पहिल्या आणि शेवटच्या उंचीत 14 इंचांचा फरक आहे. 1:87.1 या आपल्या मापात तो चार मिलिमीटर भरतो. चार मिलिमीटर डोळ्याला लगेच खुपतात. मॉडेल बनवणारे साचा एकच कापतात आणि त्यावर वीस-वीस कंपन्यांची नावं छापतात. साच्याचा खर्च पाहता ते समजण्यासारखं आहे, पण त्या वीसपैकी तो साचा नेमका कोणाकोणाला लागू पडतो, हे आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

आता कुठून सुरुवात करायची ते सांगते. 1947 हे साल तुम्ही ठरवलंत, ते चांगलं झालं. पण तेवढ्यावर थांबू नका, महिनाही ठरवा. त्यानंतर डब्याचा क्रमांक पाहा. कंपनीची आद्याक्षरं आणि त्यापुढचा क्रमांक हे त्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, नाव-गाव. अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या मालडब्यांची यादी ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ या नावानं वर्षातून अनेक वेळा निघत असे. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचे डबे, आतली लांबी, रुंदी, उंची, दाराची रुंदी, वहनक्षमता आणि त्या वेळी त्यातले किती शिल्लक आहेत, हे सगळं त्यात एका ओळीत सापडतं. जुने अंक आता स्कॅन करून मिळतात. तुमच्या खोक्यातल्या डब्याचा क्रमांक 1947 च्या आसपासच्या अंकात शोधा. तिथे आतली उंची 10 फूट असेल आणि तुमचं मॉडेल 10 फूट 6 इंचांचं असेल, तर जाणकाराचं म्हणणं खरं.

रजिस्टर मापं देतं, रूप देत नाही. रूप पाहायचं तर फोटो हवा, आणि फोटो वाचायला वेळ काढावा लागतो. मी आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात नकाशे ओढले, त्यामुळे भिंग हातात घेऊन तासन् तास बसायची सवय आहे. डब्याच्या लांब बाजूचा डावा भाग घ्या. कंपनीची अक्षरं आणि क्रमांक यांच्या खाली तीन ओळी असतात : सीएपीवाय म्हणजे क्षमता, एलडी एलएमटी म्हणजे जास्तीत जास्त भार आणि एलटी डब्ल्यूटी म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, सगळं पौंडांत. या वजनाशेजारी बारीक अक्षरांत महिना आणि साल असतं, उदाहरणार्थ 3-46. डबा ठरावीक मुदतीनं पुन्हा वजनकाट्यावर घेत आणि ही तारीख नव्यानं लिहीत. तारखेआधीची दोन-तीन अक्षरं म्हणजे जिथे वजन केलं त्या ठिकाणाची खूण. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या डब्यावर त्या जागी ‘न्यू’ असतं. म्हणजे 3-46 दिसलं, तर फोटो मार्च 1946 च्या आधीचा असूच शकत नाही. डब्याचा जन्म कधीचा, ते उजव्या बाजूला मापांच्या जवळ लिहिलेलं असतं. या दोन तारखांची गल्लत करू नका.

फोटो पुसट असेल तर एक हिशेब फार उपयोगी पडतो. त्या काळच्या पन्नास टनी क्षमतेच्या डब्याचं, डबा आणि माल मिळून, रुळावर येणारं एकूण वजन 1,69,000 पौंडांपर्यंत चालत असे. म्हणून रिकामं वजन आणि भारमर्यादा यांची बेरीज सहसा 1,69,000 येते. माझ्याकडच्या एका फोटोत रिकाम्या वजनातला दुसरा अंक 5 आहे की 6, हे काही केल्या कळेना. 45,300 वाचलं तरी चालत होतं आणि 46,300 वाचलं तरी. भारमर्यादा मात्र स्वच्छ दिसत होती, 1,22,700. वजाबाकी केली, 46,300 आले. डिकल, म्हणजे छापील आकड्यांची चिकटपट्टी, लावताना हात थरथरला नाही.

हे सगळं इतकं घोळवून सांगते आहे, त्याला कारण आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1917 मध्ये, अमेरिकेच्या सरकारनं सगळ्या रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या आणि 1918 मध्ये ठरावीक आराखड्यांचे एक लाख मालडबे बनवायला दिले. त्यात पंचवीस हजार बॉक्सकार अशा होत्या, की लोखंडी सांगाडा बाहेरून दिसतो आणि लाकडी फळ्या त्याच्या आतून बसवलेल्या असतात. बाहेरच्या त्या तिरक्या पट्ट्यांवर माझा फार जीव. त्यातली एक मी 1947 च्या शरद ऋतूसाठी करायला घेतली. क्रमांकमालिका जुळली, त्याच मालिकेतल्या एका डब्याचा सुंदर फोटो मिळाला. फळीन् फळी कोरून तीन महिन्यांत डबा उभा केला. नंतर एका रात्री तोच फोटो भिंगाखाली घेतला, तेव्हा वजनाची तारीख दिसली, 1934. मनात शंका आली. 1947 चं रजिस्टर काढलं, तर त्या मालिकेची आतली रुंदी जुन्या आकड्यापेक्षा काही इंचांनी जास्त! लाकडी भिंतीचा डबा आपोआप रुंद होत नाही. मधल्या काळात कंपनीनं जुन्या फळ्या आणि सांगाडा काढून पोलादी भिंती बसवल्या होत्या, त्याही मूळ चौकटीच्या थोड्या बाहेर. अशा पुनर्बांधणी केलेल्या डब्याच्या भिंतीचा तळ पायाच्या चौकटीबाहेर आलेला दिसतो आणि त्याला खालून आधाराचे तुकडे दिलेले असतात. एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही ओळखू येतं. माझा लाकडी डबा 1934 चा म्हणून अगदी बरोबर होता, 1947 च्या गाडीत त्याला जागा नव्हती. तो काचेच्या कपाटात आहे आणि गाडीसाठी मी पोलादी भिंतीचा दुसरा केला.

म्हणून रजिस्टरचे निदान दोन अंक पाहा, तुमच्या सालाच्या अलीकडचा आणि पलीकडचा. आकडा बदलला की समजा, तिथे काहीतरी घडलं आहे.

प्रश्न : जुने फोटो कृष्णधवल. मग डब्याचा रंग कसा ठरवायचा?

उत्तर : आधी फिल्म कुठली होती ते ताडून पाहा. जुन्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत. तिला लाल रंग जवळजवळ जाणवतच नसे, म्हणून लाल आणि नारिंगी रंग काळपट उमटायचे आणि निळं फिकट. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या फळं वाहणाऱ्या बर्फडब्यांच्या बाजू नारिंगी असत. तसा डबा अशा फोटोत पाहिला, तर माणूस तो गडद तपकिरी रंगवून मोकळा होईल. फोटोत कुठे अमेरिकेचा झेंडा फडकत असेल तर नशीब समजा. लाल पट्टे निळ्या चौकोनापेक्षा काळे दिसले, तर फिल्म ऑर्थो. 1930 च्या दशकापासून सगळ्या रंगांना दाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तरी जुनी लगेच गेली नाही.

रंगीत पुरावाही आहे. जॅक डेलानो या छायाचित्रकारानं 1942-43 मध्ये अमेरिकी सरकारसाठी रेल्वेचे फोटो काढले. त्यातले शिकागोजवळच्या प्रोव्हिसो यार्डाचे रंगीत फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि मोठ्या आकारात कुणालाही उतरवून घेता येतात. ते एकदा तरी पडदाभर मोठे करून पाहा. एका रांगेत उभ्या असलेल्या तांबड्या वाघिणींपैकी दोघींचाही तांबडा रंग एकसारखा नाही. कुणी विटकरी, कुणी चॉकलेटी, कुणी धुरानं काळवंडलेली. त्यामुळे ‘नेमकी बाटली कुठली’ या वादात मी फार शिरत नाही. त्याऐवजी एक बारकावा जरूर करा. नव्यानं वजन केलं की जुने आकडे झाकायला तेवढ्याच जागेवर ताजा रंग फासत आणि त्यावर नवे आकडे काढत. मळक्या भिंतीवर तो छोटा स्वच्छ चौकोन आला की डबा जिवंत वाटतो.

प्रश्न : आजी, मी नववीत आहे. बिअर आणि मटणाच्या जाहिराती रंगवलेले पिवळे-लाल बर्फडबे मला खूप आवडतात. माझ्या 1948 च्या गाडीत पाच आहेत. बाबांचे मित्र म्हणाले, ते चुकीचे आहेत. खरंच का?

उत्तर : हो रे, ते म्हणाले ते बरोबर आहे. असे डबे खरोखर धावत होते, पण आधी. डबे पुरवणाऱ्या कंपन्या माल पाठवणाऱ्याची जाहिरात डब्यावर रंगवून देत. आंतरराज्य व्यापार आयोगानं ठरवलं, की ही एक प्रकारे भाड्यात दिलेली छुपी सूट आहे. म्हणून 1934 मध्ये अशा जाहिरातींवर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत त्या पुसल्या गेल्या. तुझ्या 1948 मध्ये त्या चालणार नाहीत. पण डबे टाकून देऊ नकोस. त्यांच्यासाठी एक छोटी 1932 ची गाडी वेगळी कर. इंजिनही त्या काळचं शोध, त्यात तुझी सुट्टी मजेत जाईल.

प्रश्न : माझी रेल्वे एकाच कंपनीची आहे. तिच्या गाडीत दुसऱ्या कंपन्यांचे डबे किती घालावेत?

उत्तर : बॉक्सकारच्या बाबतीत, तुम्हाला वाटतात त्याहून खूप जास्त. माल उतरला की डबा मालकाकडे रिकामा धाडण्यापेक्षा वाटेत मिळेल तो माल भरून पाठवणं सोयीचं असे. परका डबा आपल्या रुळांवर असेपर्यंत रोजचं भाडं द्यावं लागे, तरी डबे देशभर भटकत. युद्धकाळात तर ते फारच मिसळले. म्हणून देशात ज्यांचे डबे सर्वांत जास्त, त्यांचे डबे तुमच्याही गाडीत जास्त दिसायला हवेत. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोघींशिवाय 1947 ची लांब मालगाडी मला पटत नाही, मग रेल्वे कॅलिफोर्नियातली का असेना. कोळशाच्या हॉपरचं, म्हणजे तळातून माल ओतणाऱ्या उघड्या डब्यांचं, तसं नाही. त्या खाणीपासून गिऱ्हाईकापर्यंत जात आणि बहुतेक घरच्याच रुळांवर राहत. मालकाच्या आद्याक्षरांच्या शेवटी एक्स असेल, तर तो डबा रेल्वे कंपनीचा नसून खासगी मालकीचा, हेही लक्षात ठेवा. टँकरवर ते हमखास दिसेल.

प्रश्न : संग्रहालयात जपलेल्या खऱ्या डब्याची मापं मी टेप लावून घेऊन आलो आहे. आता फोटोची गरज आहे का?

उत्तर : आहे. चौकटीची लांबी, पन्हळी पत्र्याची खोली, रिव्हेटांमधलं अंतर यासाठी तुमच्या टेपइतकं खात्रीचं काही नाही, ते जपून ठेवा. पण तो डबा संग्रहालयात येण्याआधी अनेक वर्षं कामात होता आणि तेवढ्या काळात त्याचे सुटे भाग बदलले. छतावरची चालायची फळी पाहा. 1966 पासून नव्या बॉक्सकारना ती बसवणं थांबलं आणि जुन्या डब्यांवरूनही ती हळूहळू काढली. तुमच्या डब्यावर ती नसेल, तरी 1947 मध्ये होतीच. शिडीही तशीच, नंतर बऱ्याच डब्यांच्या शिड्या कापून आखूड केल्या.

मग खाली वाका. हवेच्या ब्रेकचा जुना प्रकार म्हणजे के ब्रेक. त्यात सिलिंडर आणि हवेची टाकी बहुधा एकाच अंगाला जोडलेली दिसते. 1933 पासून नव्या डब्यांना एबी हा नवा प्रकार आला. त्यात सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन भाग वेगवेगळे टांगलेले असतात. कंपन्यांमध्ये अदलाबदल होणाऱ्या डब्यांवर के ब्रेक 1953 पर्यंत चालला, म्हणजे 1947 मध्ये दोन्ही हवेत. बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, तीही तपासा, तिकडे तिला ट्रक म्हणतात. पट्ट्या वाकवून बोल्टनं जोडलेल्या आर्चबार बोगीला 1940 च्या सुमारास अदलाबदलीच्या डब्यांवर मनाई झाली, म्हणून 1947 ला परक्या कंपनीच्या डब्याखाली ती नको. ओतीव चौकटीची घ्या, आणि तिच्या टोकाला बेअरिंगच्या पेटीचं झाकण आहे ना ते बघा. झाकणाऐवजी फिरणारी टोपी दिसली, तर ती रोलर बेअरिंगची बोगी, संग्रहालयातल्या डब्याला पुढे कधीतरी बसवलेली. तिची मापं घेतली असतील तर त्या कागदावर आत्ताच तसं लिहून ठेवा.