पावसातल्या मेणबत्त्या

प्रश्न : एकाच पक्षाची सत्ता असलेल्या देशात निःशस्त्र माणसं काय करू शकतात?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, 25 मार्च 1988ची ब्रातिस्लाव्हातली संध्याकाळ सांगते. हे शहर तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या स्लोव्हाक भागाची राजधानी; देशात कम्युनिस्टांची राजवट होती. कॅथलिक कार्यकर्ते फ्रान्टिशेक मिक्लोश्को यांनी सभेची रीतसर कल्पना दिली होती, बंदी आली. तरी हजारो लोक पावसात अर्धा तास मेणबत्त्या धरून उभे राहिले. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, लाठ्या चालवल्या. रिकाम्या धर्मप्रांतांत बिशप नेमा, धर्मस्वातंत्र्य द्या, नागरी हक्क पाळा. हे सगळं त्या मेणबत्तीवाल्या लोकांनी एकाच दमात मागितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. देवघरातली समई वाऱ्यापासून जपायला तळहात आडवा धरला, की मला तीच माणसं आठवतात. पुढच्याच वर्षी ती राजवट कोसळली. 1990मध्ये मिक्लोश्को स्लोव्हाक विधिमंडळाचे अध्यक्ष झाले.