अठराव्या वर्षाच्या आत आई झालेल्या मुलीचे बाळ वाढीत मागे पडते का?

पडेलच असे नाही, पण जोखीम खरी आहे. आईचे स्वतःचे शरीर वाढत असतानाच गर्भ पोसला जात असल्याने रक्तक्षय, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण या वयात अधिक असते. पुढे बोलणे आणि समज उशिरा आली, तर त्यामागे वयापेक्षा सुटलेली शाळा, गरिबी आणि एकटेपणा यांचा वाटा मोठा असतो, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील राज्यातील सुमारे २२ टक्के, तर परभणी व बीडमधील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. त्यातच ऊसतोडीसाठी कुटुंब कारखान्यावर गेले, की गावची अंगणवाडी आणि ओळखीच्या आशाताई दोन्ही सुटतात.

म्हणून जाताना माता-बाल संरक्षण कार्ड (तपासण्या, लसी आणि बाळाच्या वाढीच्या नोंदी असलेले) सोबत न्यावे, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे (घुटीसुद्धा नको) आणि बाळाशी सतत बोलावे. सासूबाईंनी मूल हातातून काढून घेण्यापेक्षा सुनेला शेजारी बसवून शिकवावे.