बोर्डवाला म्हणतो "कोणतंही ॲक्रिलिक चालतं", तर हे आधी वाचा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बीडच्या हॉटेलात भिंतीतला माशांचा टँक, 6 फूट लांब, 3 फूट पाणी, आणि दुकानांच्या पाट्या बनवणारा बोर्डवाला म्हणतो, "12 एमएमचं कोणतंही ॲक्रिलिक चालतं." जालन्यात आमच्या दुकानात टँक बसवताना हेच वाक्य ऐकलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी इंजिनियर नाही, जाडीचं गणित जाणकाराकडूनच करून घ्या.

काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक, का घ्यायचं ते तुम्ही ठरवलेलंच आहे. प्रश्न एवढाच, सेल कास्ट की एक्स्ट्रुडेड. सेल कास्टमध्ये दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून तो सावकाश घट्ट होऊ देतात. एक्स्ट्रुडेडमध्ये वितळलेला माल रोलरमधून ओढून काढतात. ते स्वस्त पडतं, जाडीही अगदी एकसारखी येते, पण ओढतानाचा ताण शीटमध्येच अडकून राहतो. त्याला जोड चिकटवायचं सॉल्व्हंट, थिनर किंवा स्पिरिट लागलं की बारीक चंदेरी चिरा पडू लागतात. दुकानाच्या पाटीला ते चालतं, पाण्याच्या दाबाला नाही.

आमच्या वेळी पुरवठादारानं "कास्टच आहे" असं तोंडी सांगितलं. बिलावर आलं नुसतं "क्लिअर ॲक्रिलिक शीट, 20 एमएम". उन्हाळा सरता सरता खालच्या जोडाशी चिरा दिसल्या. त्यांच्या ऑफिसात गेलो तर बिल पुढे सरकवून विचारलं, "यात कास्ट कुठे लिहिलंय?" मग म्हणे तुम्ही काहीतरी लावून पुसलं असेल. मग म्हणे कारागिराला विचारा. कारागीर म्हणाला, शीटच तशी होती. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. पुढे फोन उचलणंच बंद. शीटचे पैसे गेलेच, पण त्याहून जास्त गेले भिंत फोडून चौकट पुन्हा बसवण्यात. आजही आठवलं की संताप होतो. माल कुठला दिला एवढं खरं सांगायला त्यांना काहीच खर्च नव्हता.

म्हणून बिलावर "सेल कास्ट", कंपनी आणि जाडी लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तिथून घेऊच नका, हे माझं ठाम मत. कापण्याआधी शीटच्या कागदावरच्या छापाचा फोटो काढा. आणखी एक, लेझरवाल्याकडे तुकड्यावर अक्षर कोरून बघा: कास्टवर ते पांढरं, दुधाळ उमटतं, एक्स्ट्रुडेडवर जवळजवळ पारदर्शकच राहतं. पण मुख्य पॅनल लेझरनं कापू देऊ नका, कडेला ताण राहतो. करवतीनं किंवा राउटरनं (फिरत्या पात्याच्या यंत्रानं) कापून ॲनीलिंग करून घ्या, म्हणजे साधारण 80 अंशांवर भट्टीत ठेवून हळूहळू थंड करायचं. "काही गरज नाही" म्हणणारे भेटतील. गरज असते.

आता 12 एमएमचं. दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. 3 फूट पाण्यात तळाशी चौरस मीटरला 900 किलोच्या आसपास आणि तुमच्या अख्ख्या पॅनलवर मिळून पाऊण टन. ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी जास्त वाकतं. मी 25 एमएमच्या खाली विचारही करणार नाही, आणि हाही अंदाजच समजा.

आपल्याकडचं ऊनही धरा. 30 अंशांच्या फरकानं 6 फुटांचं पॅनल लांबीत जवळपास 4 एमएम वाढतं, काच अर्धा एमएमही नाही. चौकटीत तेवढी मोकळीक हवी. पॅनल पाण्याच्या बाजूनं खाचेवर टेकवा, म्हणजे दाब त्याला चौकटीवरच रेटतो आणि सिलिकॉन फक्त गळती अडवतं. ॲक्रिलिकवर सिलिकॉनची पकड काचेइतकी नसते, त्याच्या भरवशावर पॅनल उभं करू नका.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पातळ व्हिनेगर लावलेल्या मऊ ओल्या कापडानं निघतो. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे हॉटेलच्या पोरांच्या हाती लागू देऊ नका. रंगकाम बाकी असेल तर ते आधी उरका, थिनरचा हात शीटला लागायला नको.

12 एमएमची ऑर्डर दिली असेल तर आजच फोन करून थांबवा. एकदा कापलेली शीट कुणी परत घेत नाही.