वयात येताना : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत किशोरवयाबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. बहुतेकांच्या मुळाशी तुलना आहे: शेजारच्या मुलाशी, वर्गातल्या मैत्रिणीशी, आतेभावाशी. सातवीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोन निरोगी मुलांच्या शारीरिक वाढीत चार वर्षांचंसुद्धा अंतर असू शकतं. म्हणून उत्तरांमध्ये आम्ही वयाच्या आकड्यापेक्षा बदल कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने येताहेत, यावर भर दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. छातीत एका बाजूला सुपारीएवढी गाठ आली आहे आणि धक्का लागला की दुखते. सासूबाई म्हणतात, एवढ्यात कसं? आता लगेच पाळी येईल का? मग उंचीचं काय? (एक आई, गोरेगाव)

मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण बहुधा हीच असते. गाठ आधी एका बाजूला येते आणि दुसऱ्या बाजूला यायला काही महिने, कधी सहा महिनेही लागतात. ती दाबून बघू नका, मालीश करू नका आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुई घालून काढण्याचा विचार तर अजिबात नको. इथल्या ऊतीला इजा झाली, तर पुढे स्तनाची वाढच खुंटू शकते. सुती शमीज घालायला द्या, दुखणं बरंच कमी होईल.

मुलींमध्ये ८ ते १३ या वयात कधीही सुरुवात होते, त्यामुळे साडेनऊ हे लवकर नाही. आठ वर्षांच्या आत गाठ दिसली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ते डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत ते, पाहतात, गरज वाटली तर रक्तातले हार्मोन तपासतात. वय नऊ असूनही बदल फार झपाट्याने होत असतील, म्हणजे गाठ आल्यापासून सहा महिन्यांतच पाळी आली असं काही, तरीही दाखवा. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात आणि केईएममध्ये हार्मोनचे तज्ज्ञ आहेत.

पाळी साधारणपणे गाठ आल्यानंतर दोन ते अडीच वर्षांनी येते. लवकर सुरुवात झालेल्या मुलींना थोडा जास्तच वेळ मिळतो. उंचीची मोठी झेप पाळीच्या आधीच्या वर्षभरात असते आणि त्या काळात वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास वाढ होते. पाळी आल्यावर उंची थांबते हा समज अर्धाच खरा आहे. वेग मंदावतो, पण त्यानंतरही बहुतेकींची उंची आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. तुमच्या मुलीच्या उंचीचे महत्त्वाचे दिवस आता सुरू होताहेत, म्हणून दर तीन महिन्यांनी मोजून तारखेसह लिहून ठेवा. अनवाणी उभं करायचं, केस सोडायचे, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर. डोक्यावर पुस्तक आडवं धरून त्याचा कोपरा भिंतीला लावायचा आणि खूण करायची. प्रत्येक वेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते.

पाळीबद्दल तिला आत्ताच सांगा, ती आल्यावर नव्हे. दप्तरात एका पिशवीत दोन पॅड, एक निकर आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवून द्या. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी डागलं असलं तरी. पहिली दोन वर्षं पाळी अनियमित असते. २१ ते ४५ दिवसांत कधीही येणं चालतं आणि रक्तस्राव सात दिवसांपर्यंत चालतो. तीन महिने पाळीच न येणं, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजणं किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडणं, यांपैकी काही झालं तर डॉक्टरांकडे न्या.

शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून मुंबईतल्या कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी तासन्‌तास दाबून ठेवल्याने आणि पाणी कमी पडल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. हा प्रश्न पालक सभेत सगळ्यांनी मिळून मांडायला हवा. एकटीने तक्रार केली, तर ती तिथेच राहते.

प्रश्न : मुलगा चौदा पूर्ण झाला, उंची फक्त १४८ सेंटिमीटर. वर्गात सगळ्यांत लहान दिसतो. माझी उंची १६८, पत्नीची १५५. उंची वाढवणारी पावडर सुरू करावी का? (एक वडील, लालबाग)

पावडर नको. तिने उंची वाढत नाही, पैसे मात्र जातात. दोरीच्या उड्या आणि बारला लोंबकळणं यांनी शरीर काटक होतं, हाडं लांब होत नाहीत.

आधी घरच्या उंचीचा हिशेब करा. मुलासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. (१६८ + १५५ + १३) ÷ २ म्हणजे १६८. प्रत्यक्षात तो यापेक्षा सातआठ सेंटिमीटर कमी किंवा जास्त भरू शकतो. मुलीसाठी १३ मिळवण्याऐवजी वजा करायचे.

आता मुख्य प्रश्न: त्याच्या शरीरात बदल सुरू झालेत का? मुलांमध्ये सुरुवात मिशीने किंवा आवाजाने होत नाही, वृषण मोठे होण्याने होते. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर झाली की सुरुवात झाली असं समजतात. डॉक्टर मण्यांच्या माळेशी ताडून आकार बघतात, एका मिनिटाचं काम आहे. याचं वय ९ ते १४. उंचीची झेप त्यानंतर एक-दोन वर्षांनी येते आणि त्या काळात वर्षाला ९-१० सेंटिमीटरही वाढ होते. मुलींची झेप याच्या दोन वर्षं आधी येऊन जाते, म्हणून सहावी-सातवीत मुली उंच दिसतात.

चौदा पूर्ण झाले आणि वृषणांची वाढ सुरूच नसेल, तर तपासून घ्या. अशा मुलांपैकी बरीच उशिरा वाढणारी असतात. घरात विचारा. तुम्ही किंवा त्याचा मामा दहावीनंतर उंच झाला होता का? तसं असेल तर हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा मागे निघतं, म्हणजे वाढायला अजून अवधी असतो. खरी काळजी उलट परिस्थितीत करावी लागते. आवाज फुटला आहे, दाढी-मिशी आली आहे आणि उंची तरीही कमी आहे, अशा मुलाच्या हाडांची टोकं लवकरच जुळून येणार असतात, म्हणजे उंची थांबणार असते. ‘वयात आलाय, आता वाढेल’ म्हणून थांबलेले पालक नेमके उशिरा येतात. वर्षभरात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली असेल, तरीही थांबू नका.

वाढ सुरू होताना आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. शाळेचे बूट सहा महिन्यांत आखूड झाले, हातातल्या वस्तू पडायला लागल्या की झेप सुरू झाली म्हणायचं. त्याला ‘धांदरट’ म्हणू नका, बदललेल्या लांबीचा अंदाज यायला वेळ लागतो. आणि लग्नकार्यात भावंडांशेजारी उभं करून उंची मोजण्याचा कार्यक्रम कृपया बंद करा. उशिरा वाढणारी मुलं शरीराने पुढे बरोबरी गाठतात, पण चारचौघांतलं हसणं बरीच वर्षं लक्षात ठेवतात.

प्रश्न : मी १३ वर्षांचा आहे. माझ्या एका निप्पलखाली गाठ आली आहे. मुलं चिडवतात म्हणून मी स्विमिंग सोडलं. रात्री कधी कधी चड्डी ओली होते. हा आजार आहे का? (नाव नको)

नाही, दोन्ही गोष्टी आजार नाहीत. वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना अशी गाठ येते. मुलांच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजन, म्हणजे स्तनांची वाढ करणारं हार्मोन, असतं आणि या काळात काही महिने त्याचं प्रमाण टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तुलनेत वाढतं. सहा महिने ते दोन वर्षांत गाठ आपोआप जाते. ती खूप मोठी झाली, दगडासारखी कडक लागली, त्यातून पाणी आलं किंवा तू जिमची कुठलीही गोळी-पावडर घेत असशील, तर डॉक्टरांना दाखव. स्विमिंग सोडू नकोस.

रात्री झोपेत वीर्य बाहेर येण्याने अशक्तपणा येत नाही, काही कमीही होत नाही. भिंतींवर अशा ‘इलाजां’च्या जाहिराती असतात, त्या नंबरांवर फोन करू नकोस. सरकारी रुग्णालयांत तुझ्या वयाच्या मुलामुलींसाठी वेगळा विभाग असतो, महाराष्ट्रात त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात. तिथे हे सगळं मोकळेपणाने विचारता येतं. चिडवताना कुणी तुला हात लावत असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कर. तो फुकट आहे.

प्रश्न : मुलगी दहावीत. रात्री एकपर्यंत जागते, सकाळी उठत नाही, काही बोललं की उलट उत्तर. करी रोडला चाळीत एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. तिचं सगळं लक्ष मैत्रिणींत. काय करावं? (एक वडील)

जागण्यातला काही भाग तिच्या हातात नाही. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात तास-दोन तास उशिरा स्रवतं. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच असते आणि शाळा सातला भरते. ही तूट चिडचिड आणि विसरभोळेपणा होऊन बाहेर पडते.

रविवारी दुपारपर्यंत झोपू देऊ नका, नेहमीपेक्षा तासभर उशीर पुरे. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत उजेडात बसू दे. दुपारी अर्धा तास झोप चालेल, पण शेवटचा चहा पाचच्या आत. रात्री सगळ्यांचेच फोन दाराजवळ चार्जिंगला लावा. एकट्या तिचा काढून घेतला, तर रोज भांडण होईल. टीव्ही आणि ट्यूबलाइट दहाला बंद, अभ्यासाला टेबललॅम्प. एका खोलीत हे घरातल्या मोठ्यांनी पाळलं तरच जमतं.

उलट उत्तराबद्दल: भावनांशी संबंधित मेंदूचे भाग आधी तडफदार होतात, परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून तापलेल्या क्षणी वाद घालू नका, तासाभराने त्याच विषयावर बोला. मैत्रिणी महत्त्वाच्या वाटणं हे या वयाचं कामच आहे. पण मित्रमंडळी बघत असताना किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. लोकलच्या दारात उभं राहू नको, एवढं सांगून भागत नाही. ‘ग्रुप दारात थांबला तर तू काय म्हणशील?’ हे घरी आधीच बोलून ठेवा. तिचं वाक्य तिलाच ठरवू द्या.

एकांत हवा असणं म्हणजे काहीतरी लपवणं नव्हे. तिला कुलपाचा एक कप्पा द्या, कपडे बदलायला पडदा लावा आणि तिची वही वाचू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, मैत्रिणींनाही टाळणं, जेवण तुटणं, ‘मी नसलेलीच बरी’ असं बोलणं किंवा अंगावर जखमा दिसल्या, तर त्याला वयाचा परिणाम समजू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न : शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात. ती घेतल्यावर मुलीला मळमळतं. बंद करू का? (एक आई, कुर्ला)

बंद करू नका, वेळ बदला. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून डबा खाल्ल्यावर घ्यायची. आधी-नंतर तासभर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर उत्तम. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, डॉक्टर रोजची देतात. जंताची गोळीही चुकवू नका, नाहीतर काही जंत रक्तावरच जगतात आणि लोह वाया जातं. गोळी सुरू असताना शौचाला काळी होते, ते लोहामुळे.